दोन महिने कमी

विजयनगरच्या मल्टिप्लेक्समध्ये, चौथ्या मजल्यावर,
तिकिटं तपासणाऱ्या पोराने माझ्या फोनकडे पाहिलं,
मग इरूकडे, मग परत फोनकडे.
"यूए तेरा प्लस है, मॅडम. बिटिया कित्ते की है?"
बारा वर्षं, दहा महिने.
मी खरं सांगितलं
आणि इरूने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"आप साथ हो तो चलेगा," तो म्हणाला
आणि मागच्या माणसाकडे वळला.
एवढंच.
मला वाटलं होतं काही वाद होईल,
एखादा कागद लागेल,
निदान आतून कुणी मोठा माणूस येईल.

माझे बाबा गोपिका टॉकीजच्या बाल्कनीच्या दारावर होते,
एकोणीस वर्षं.
खाकी शर्ट, बॅटरी, तारेत ओवलेली अर्धी तिकिटं.
'अ' लागला की पोरं काजळाच्या मिशा काढून यायची.
बाबा कुणाला वय विचारत नसत.
"जन्मसाल सांग," म्हणत, झटकन,
आणि वजाबाकीत अडकेल त्याला घरी पाठवत.
गुळव्यांचा मोठा एकदा पास झाला, गणितात पक्का होता.
त्याला बाबांनी आत सोडलं,
मध्यंतरात बाहेर काढलं,
आणि स्वतःच्या डब्यातली शेव-पोळी दिली.
का, ते कधी सांगितलं नाही.

मला प्रत्येक 'यू' फुकट होता.
त्या फुकटातल्याच एकात, मी सात वर्षांची असताना,
एक आई पोराला जत्रेत विसरते.
सापडतो तो; सापडल्यावर गाणंही होतं.
पण त्यानंतर कित्येक महिने
राजवाड्याच्या गर्दीत मी आईच्या पदराचं टोक
माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला गाठ मारून चालले.
सर्वांसाठी, असं लिहिलं होतं त्यावर.

पडद्यावर प्रमाणपत्र आलं,
सही, तारीख, मिनिटं, तो आकडा,
आणि वाचून होण्याआधी गेलं.
मी घरूनच वाचून आले होते : हाणामारी, धमक्या, काही अपशब्द.
त्या यादीची माझी तयारी होती.
पहिला चाकू निघाला तेव्हा
माझा तळहात आपोआप इरूच्या डोळ्यांवर गेला.
तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल परत करावं तसा.
रक्त वाहिलं. ती नाचो खात होती.
शिवी आली. "ही तर आमच्या व्हॅनमध्ये रोज," कुजबुजली.

आणि मग, उत्तरार्धात, एक साधं स्वयंपाकघर.
कुणी ओरडत नाही.
नवरा डब्याला झाकण लावतोय.
बायको विचारते, मुलगी कुणाकडे राहील?
तो म्हणतो, तिलाच विचारू.
मागे कुकरची शिट्टी.

इरूचा हात नाचोच्या डब्यात तसाच थांबला.

आमच्याकडे हे मार्चमध्ये झालं.
कुकर नव्हता. गिझर चालू राहिला होता,
आणि बंद करायला कुणीच उठलं नाही.
तिने काय उत्तर दिलं ते मला आठवतं.
तिलाही आठवत असणार.

या वेळी मी डोळे झाकले नाहीत तिचे.
माझा हात दोन खुर्च्यांच्या मधल्या दांडीवर होता, उताणा.
बऱ्याच वेळाने,
खलनायक गच्चीवरून पडला त्याच्याही नंतर,
तिने त्यात एक नाचो ठेवला.

रिक्षात विचारते,
"ते 'साथ हो तो चलेगा' म्हणजे नक्की काय गं?"
एबी रोडचा सिग्नल लाल.
म्हणजे तिकिटं दोन काढायची, मी म्हटलं.
"आणि सोळा प्लसला?"
तेव्हाही दोन.
"आणि 'अ'ला?"
तेव्हा तू ने मला.

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली.
वजाबाकी तिची अजून कच्ची आहे.